रंगपट्टा पाहून गंजरोधक बदलावा का? समुद्रातील तेलप्रकल्पांच्या रसायन-परवान्यांविषयी

आपला प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही उत्तराचा धागा सापडेल. उत्तर समुद्राच्या ब्रिटिश क्षेत्रातील एका जुन्या तेल-प्लॅटफॉर्मवर आपण काम करता. तेथून रोज सुमारे ८,००० घनमीटर उत्पादित पाणी, म्हणजे तेलाबरोबर भूगर्भातून वर येणारे पाणी, समुद्रात सोडले जाते आणि त्यातील तेलाची मासिक सरासरी लिटरमागे २२ मिलिग्रॅमच्या आसपास असते. सध्याचा गंजरोधक धोक्यानुसार रसायनांना दिल्या जाणाऱ्या रंगांपैकी 'सिल्व्हर' पट्ट्यातील आहे ('गोल्ड' हा त्याहून सौम्य पट्टा), त्यावर 'सब', म्हणजे 'पर्याय शोधा', असा शेरा आहे आणि त्याची मात्रा लिटरमागे १५ मिलिग्रॅम पुरते. पुरवठादाराने सुचवलेला नवा गंजरोधक 'गोल्ड' आहे, त्यावर शेरा नाही, परंतु त्याची मात्रा ४५ मिलिग्रॅम लागते. नवे उत्पादन 'गोल्ड' असल्याने बदल उघडच योग्य नाही का, असे आपण विचारता. पाण्यातील तेलाची मर्यादा पाळली जात असताना नियामक रसायनांचा वेगळा हिशेब का मागतो, हा आपला दुसरा प्रश्न. आणि अमेरिकी आखातात काम केलेले आपले सहकारी 'तिकडे असले रंग नसतात' असे सांगतात, त्याने गोंधळात भर पडली आहे.

मी सुरुवातीची काही वर्षे रसायन-पुरवठादाराकडे आणि नंतरची बरीच वर्षे प्रकल्पचालकांच्या बाजूने परवान्यांचे अर्ज तयार करण्यात घालवली आहेत. त्या अनुभवावरून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, रंगाच्या आधारावर हा बदल करू नये. करायचाच असेल तर तो 'सब' शेऱ्यासाठी करावा आणि तोही तिप्पट मात्रेचा हिशेब मांडून झाल्यावर. रंग आणि शेरा या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, आणि आपल्या प्लॅटफॉर्मवरून प्रत्यक्षात काय व किती बाहेर पडते हा तिसरा प्रश्न त्या दोहोंपैकी कशातच पूर्णपणे येत नाही. परवान्याचा अर्ज खरे तर त्या तिसऱ्या प्रश्नाविषयी असतो.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करणे सोपे जाईल. ईशान्य अटलांटिकच्या संरक्षणासाठीच्या ओस्पार करारानुसार उत्पादित पाण्यातील विखुरलेल्या तेलाची मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम अशी मासिक सरासरीने ठरलेली आहे. त्याआधी ती ४० होती. ही मर्यादा मोजण्याच्या पद्धतीत पाण्यातून द्रावकात उतरणारी आणि कार्बन-साखळीच्या ठरावीक पल्ल्यात बसणारी हायड्रोकार्बने तेवढी मोजली जातात. आपण टाकलेला गंजरोधक, क्षारांचे थर बसू नयेत म्हणून दिलेले स्केल इनहिबिटर, जंतू मारण्यासाठी दिलेले बायोसाइड, वायुवाहिनीत बर्फासारखे हायड्रेट जमू नयेत म्हणून दिलेले मिथेनॉल किंवा ग्लायकॉल, यांतील बहुतेक काही त्या आकड्यात दिसत नाही. म्हणजे २२ हा आकडा कितीही समाधानकारक असला तरी रसायनांविषयी तो मुका आहे. याच कारणासाठी ओस्पारने २००० साली, निर्णय २०००/२ अन्वये, समुद्रातील तेल व वायू प्रकल्पांत वापरल्या जाणाऱ्या रसायनांसाठी सक्तीची समान नियंत्रणपद्धती आणली आणि ब्रिटनने २००२ च्या ऑफशोअर केमिकल्स रेग्युलेशन्समधून ती आपल्या कायद्यात उतरवली. या नियमांखाली परवाना विसर्गाला लागतो तसाच वापरालाही लागतो. समुद्रात थेंबही जाणार नाही अशी खात्री असलेले रसायनसुद्धा यादीत लिहावे लागते. हे नवख्यांना जाचक वाटते, पण ज्यांनी एखादा नळ फुटलेला किंवा टाकी भरून वाहिलेली पाहिली आहे त्यांना त्यामागचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

आता रंग कसा मिळतो ते पाहू. पुरवठादार आपल्या उत्पादनातील प्रत्येक घटकाची माहिती ठरलेल्या नमुन्यात नियामकाकडे, ब्रिटनमध्ये सेफास या वैज्ञानिक संस्थेकडे, गोपनीय स्वरूपात देतो. त्यात तीन प्रकारच्या चाचण्या महत्त्वाच्या असतात. पहिली विषारीपणाची: स्केलेटोनेमा हे सूक्ष्म शैवाल, अकार्टिया टोन्सा हा तरंगता सूक्ष्म कवचधारी जीव, गरजेनुसार एखादा मासा, आणि रसायन तळाशी बसणारे असेल तर गाळात राहणारा कोरोफियम. दुसरी जैवविघटनाची, शक्यतो समुद्राच्या पाण्यात २८ दिवस चालणारी. तिसरी, रसायन पाण्यापेक्षा चरबीकडे किती ओढले जाते याची; त्यावरून ते सजीवांच्या शरीरात साठेल का याचा अंदाज बांधतात. हे आकडे चार्म नावाच्या गणिती प्रारूपात घातले की, एका कल्पित प्रमाणित प्लॅटफॉर्मपासून ५०० मीटरवर त्या रसायनाची अपेक्षित तीव्रता किती, आणि अपाय होणार नाही अशी तीव्रता किती, यांचे गुणोत्तर निघते. त्याला धोका-गुणांक म्हणतात. तो १ पेक्षा कमी असेल तर 'गोल्ड', १ ते ३० च्या आत 'सिल्व्हर', पुढे १०० पर्यंत 'व्हाइट', ३०० पर्यंत 'ब्लू', १,००० पर्यंत 'ऑरेंज' आणि त्यावर 'पर्पल'. अकार्बनी पदार्थ, हायड्रॉलिक द्रव आणि केवळ पाइपलाइनीत वापरली जाणारी रसायने या प्रारूपात बसत नाहीत, म्हणून त्यांना 'ए' ते 'ई' अशी अक्षरे मिळतात. 'ए' सर्वांत घातक, 'ई' सर्वांत सौम्य.

या वर्णनात 'कल्पित प्रमाणित प्लॅटफॉर्म' हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. त्या प्लॅटफॉर्मचे पाणी, त्याची खोली, त्याचा विसर्ग हे सर्व ठरीव आहे, आणि रसायनाची मात्रा पुरवठादाराने सांगितलेली आहे. आपला प्लॅटफॉर्म तो नाही. उत्पादनाच्या प्रमाणपत्राला आम्ही टेम्प्लेट म्हणतो; त्यावर रंगाशेजारी गुणांक आणि तो कोणत्या मात्रेसाठी काढला हे दोन्ही लिहिलेले असते, पण बैठकांत रंग तेवढा बोलला जातो. आपण ते आकडे दिलेले नाहीत, म्हणून केवळ उदाहरण म्हणून धरू की जुन्या गंजरोधकाचा गुणांक ३० मिलिग्रॅम मात्रेला ४ आहे आणि नव्याचा २० मिलिग्रॅम मात्रेला ०.८. या प्रारूपात, इतर गोष्टी तशाच राहिल्या तर, गुणांक मात्रेच्या प्रमाणात वाढतो वा कमी होतो. आपल्याकडे जुने रसायन १५ मिलिग्रॅम लागते, म्हणजे त्याचा गुणांक ४ च्या निम्मा, २ होतो. नवे ४५ मिलिग्रॅम लागते, म्हणजे ०.८ च्या सव्वादोन पट, १.८ होतो. 'सिल्व्हर' आणि 'गोल्ड' यांच्यात आपल्या डेकवर पोहोचेपर्यंत जेमतेम दहा टक्क्यांचा फरक उरला, आणि चाचण्यांतील अनिश्चितता लक्षात घेता तो फरक म्हणजे काहीच नव्हे. आपले खरे आकडे कदाचित नव्या रसायनाच्या बाजूने अधिक अनुकूल असतील, कदाचित प्रतिकूलही. पण ते घालून पाहिल्याशिवाय रंगाची तुलना करण्यात अर्थ नाही. अर्जातही नेमके हेच, आपल्या प्रकल्पाचे आकडे घालून काढलेला जोखीम-गुणांक, द्यावे लागते आणि तो १ च्या वर गेला तर त्याचे समर्थन मागितले जाते.

याच हिशेबात एक साधी चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मात्रा कशाच्या प्रमाणात सांगितली आहे, पाण्याच्या की तेल-पाणी मिळून एकूण द्रवाच्या? पुरवठादाराचा क्षेत्र-अभियंता एकूण द्रवावर बोलतो, अर्ज लिहिणारा पाण्यावर धरतो, आणि दोघांनाही वाटते की आपले एकमत आहे. विहिरींतून निम्मे तेल येत असेल तर या एका गैरसमजाने आकडा दुप्पट किंवा निम्मा होतो.

आता 'सब' शेऱ्याकडे वळतो. हा शेरा म्हणजे 'याला पर्याय शोधा' अशी सूचना आहे आणि तिचा मात्रेशी काहीही संबंध नाही. तो उत्पादनाच्या घटकांच्या अंगभूत गुणधर्मांवरून पडतो. घटक ओस्पारच्या प्राधान्याने हटवण्याच्या यादीत असेल तर तो पडतो. २८ दिवसांत २० टक्क्यांहूनही कमी विघटन झाले तर पडतो. अकार्बनी घटकाची विषारी तीव्रता लिटरमागे १ मिलिग्रॅमहून कमी असेल तर पडतो. किंवा अपुरे विघटन, शरीरात साठण्याची प्रवृत्ती आणि १० मिलिग्रॅमहून कमी तीव्रतेला दिसणारा विषारीपणा या तिन्हींपैकी कोणतीही दोन लक्षणे एकत्र आली तरी पडतो. उत्पादनातील एकच घटक असा असला, आणि तो थोडाच असला, तरी शेरा सबंध उत्पादनाला लागतो. दुसऱ्या टोकाला, ज्यांच्यापासून समुद्राला धोका नाही किंवा अगदीच थोडा आहे अशा पदार्थांची प्लोनॉर नावाची यादी आहे. वेधनासाठी, म्हणजे विहीर खोदताना, वापरली जाणारी बॅराइट व बेंटोनाइट ही खनिजे, साधी मिठे अशी मंडळी तेथे भेटतात.

रंग आणि शेरा परस्परांपासून किती स्वतंत्र आहेत याचे उत्तम उदाहरण म्हणजे स्केल इनहिबिटर. पॉलिअॅक्रिलेटसारखी बहुवारिके आणि कित्येक फॉस्फोनेटे सागरी जीवांना फारशी विषारी नसतात आणि शरीरात साठतही नाहीत, म्हणून त्यांचा गुणांक सहज 'गोल्ड' मध्ये बसतो. पण ती २८ दिवसांत विघटन होऊन नष्ट होत नाहीत. होऊ नयेत हेच तर त्यांचे काम, कारण तापलेल्या विहिरीत महिनोन् महिने टिकली नाहीत तर क्षारांचा थर थांबणार कसा? त्यामुळे 'गोल्ड' आणि 'सब' ही दोन्ही विशेषणे एकाच डब्यावर मिळतात. त्यात विसंगती नाही. गुणांक विचारतो, आज या मात्रेने जवळपासच्या जीवांना इजा होईल का. शेरा विचारतो, हे समुद्रात गेल्यावर कधी संपेल का. ज्या पदार्थाचा अंत दिसत नाही त्याविषयी, आज इजा दिसत नसली तरी, सावध राहावे असा ओस्पारचा पवित्रा आहे आणि मला तो पटतो. विषारीपणाविषयीचे आपले ज्ञान बदलत जाते. पण एकदा सोडलेला न विघटणारा पदार्थ परत आणता येत नाही.

शेरा असलेली रसायने १ जानेवारी २०१७ पर्यंत समुद्रात सोडणे थांबवावे, अशी ओस्पारची २००६ ची शिफारस होती. तांत्रिक किंवा सुरक्षेच्या कारणांमुळे, पुरेसे प्रयत्न करूनही, ते शक्य नाही असे दाखवून देता आले तर तेवढी वाट मोकळी ठेवलेली होती. ती तारीख केव्हाच मागे पडली आणि शेरा असलेली रसायने अजूनही वापरात आहेत, म्हणजे ती वाट बरीच रहदारीची झाली. यावरून काहीजण शेऱ्याला अर्थ उरला नाही असा निष्कर्ष काढतात. माझा अनुभव वेगळा आहे: प्रत्येक नूतनीकरणाला 'पर्याय काय पाहिले, कधी पाहिले, निकाल काय आले' हे विचारले जाते आणि मागच्या वर्षीचाच परिच्छेद पुन्हा चिकटवलेला असेल तर तो ओळखला जातो.

आपल्या बाबतीत शेऱ्याचा हिशेब असा मांडता येईल. रोज ८,००० घनमीटर पाण्यात लिटरमागे १५ मिलिग्रॅम म्हणजे जुन्या उत्पादनाचे दिवसाला १२० किलो, वर्षाला सुमारे ४४ टन. शेरा ओढवणारा घटक त्यात समजा १० टक्के असेल, तर तो वर्षाला सुमारे ४.४ टन. नव्या उत्पादनाचे ४५ मिलिग्रॅमप्रमाणे दिवसाला ३६० किलो, वर्षाला सुमारे १३१ टन. त्यात शेरा ओढवणारे काही नाही. म्हणजे निवड 'वाईट की चांगले' अशी राहत नाही. ४.४ टन टिकाऊ पदार्थ वाचवण्यासाठी आपण ८७ टन अधिक, पण विघटन होणारे, रसायन वापरणार आहोत. मला विचाराल तर टिकाऊ पदार्थ कमी करण्याला मी सहसा झुकते माप देतो. मात्र त्या वाढीव टनांचा पाणी-तेल विलगीकरणावर काय परिणाम होतो हे पाहिल्यावरच. कारण गंजरोधकांची एक जातकुळी आहे, जी रंगपट्ट्यात कोठेच नोंदलेली नसते.

पातळ थर धरून धातूचे रक्षण करणारे गंजरोधक, म्हणजे चतुर्थक अमोनियम संयुगे किंवा इमिडाझोलिन जातीची द्रव्ये, पृष्ठभागाला चिकटतात म्हणून उपयोगी पडतात. रेणूचे एक टोक धातूला धरते, दुसरे पाण्याला दूर लोटते. पण ज्या ओढीने ती पोलादाला चिकटतात त्याच ओढीने ती शैवालाच्या पेशीपटलाला आणि माशाच्या कल्ल्यांनाही चिकटतात. म्हणून त्यांचे विषारीपणाचे आकडे सहसा बोचरे असतात. आणि त्याच ओढीने ती तेलाच्या बारीक थेंबांभोवती कवच करतात, थेंब एकमेकांत मिसळू देत नाहीत आणि पाण्यातून तेल वेगळे करणाऱ्या हायड्रोसायक्लोनला निकामी करून टाकतात. जाता जाता सांगतो, याच स्वभावामुळे त्यांची चरबीकडची ओढ नेहमीच्या पद्धतीने भरवशाने मोजता येत नाही आणि प्रारूपात ठरीव किंमती धराव्या लागतात. शिवाय विघटनाच्या चाचणीत ती स्वतःच जिवाणू मारतात आणि निकाल आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. शेरा अशा निकालावर बेतलेला असेल तर पुरवठादाराला कमी तीव्रतेने चाचणी पुन्हा करता येते. हे विचारून पाहण्यास काही खर्च येत नाही.

एका प्लॅटफॉर्मवर आम्ही अगदी आपल्यासारखाच बदल केला होता. प्रयोगशाळेत बाटलीतील चाचण्या उत्तम आल्या, गंजाचा वेग आटोक्यात होता, रंग सुधारला, शेरा गेला. प्रत्यक्षात दुसऱ्या आठवड्यात विलगीकरण टाकीत तेल आणि पाण्याच्या मध्ये तपकिरी फेसकट थर जमू लागला आणि पाण्यातील तेल १८ वरून ३० च्या पलीकडे गेले. त्यावर उपाय म्हणून डिमल्सिफायर, म्हणजे हा थर फोडणारे रसायन, वाढवले; ते वाढवल्यावर गंजरोधकाचा परिणाम घसरला; म्हणून गंजरोधक वाढवला. महिनाभराने आम्ही जुन्या रसायनावर परत आलो. एका उत्पादनाचा गुणांक सुधारण्याच्या नादात तीन रसायनांची मात्रा आणि वर तेलाचा विसर्ग वाढवला होता. चूक सर्वस्वी आमची होती: आम्ही बदलाचे मूल्यमापन बाटलीपुरते केले, व्यवस्थेपुरते केले नाही. आपली २२ ही सरासरी पाहता मर्यादेपर्यंत आठच मिलिग्रॅमची जागा आहे, हे विसरू नये.

काही गोष्टी मात्र आपल्या परिस्थितीवरच ठरतील आणि त्या मला येथून सांगता येणार नाहीत. आपले पाणी सर्वच्या सर्व समुद्रात जाते की काही पुन्हा भूगर्भात सोडले जाते? पुनर्भरण जितके अधिक, तितका हा सगळा वाद लहान होतो. पूर्ण पुनर्भरण असेल तर विसर्गाचा प्रश्न केवळ पंप बंद असलेल्या दिवसांपुरता उरतो. रसायनाचा किती भाग तेलाबरोबर किनाऱ्याकडे जातो आणि किती पाण्याबरोबर समुद्रात? क्षेत्र म्हातारे होत जाते तसे पाणी वाढते, तेल घटते आणि हे गणित दर वर्षी सरकत जाते. पाच वर्षांपूर्वीचे विभाजन आजच्या अर्जात घालू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्या नळाचे रक्षण करायचे आहे त्याची अवस्था काय आहे? भिंत आधीच पातळ झालेली असेल, तर गंजरोधकाचा प्रयोग फसल्याची किंमत तेलगळतीच्या रूपात मोजावी लागेल, आणि त्या गळतीपुढे दोन गंजरोधकांच्या गुणांकांतील फरक नगण्य ठरेल. असे असेल तर ते नियामकाला स्पष्ट लिहावे. तांत्रिक समर्थन म्हणजे पळवाट नव्हे. मापने जोडलेली असतील तर ते सहसा मान्य होते. मान्य होत नाही ते 'पुरवठादाराने असे सांगितले' हे वाक्य.

येथे अमेरिकी पद्धतीविषयीच्या आपल्या गोंधळाचाही निकाल लावतो. आपले सहकारी बरोबर सांगतात. अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेच्या विसर्ग-परवान्यांत उत्पादनांना रंग देण्यापेक्षा बाहेर पडणाऱ्या द्रवाचीच परीक्षा घेण्यावर भर आहे. उदाहरणार्थ, वेधन-द्रवाची चाचणी मायसिड जातीच्या कोळंबीसदृश जिवांवर ९६ तास घेतात आणि निम्मे जीव मरण्याची तीव्रता दशलक्ष भागांत ३०,००० भागांच्या खाली आली तर तो द्रव समुद्रात सोडता येत नाही. बॅराइटमधील पारा किलोमागे १ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ३ मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो. उत्पादित पाण्यातील तेल व ग्रीसला मासिक सरासरीने २९ आणि दिवसाला जास्तीत जास्त ४२ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. नॉर्वेत उलट, रसायनांचे काळा, लाल, पिवळा आणि हिरवा असे वर्ग आहेत आणि ते घटकांच्या गुणधर्मांवरच बेतलेले आहेत, म्हणजे वृत्तीने ते आपल्या 'सब' शेऱ्याला जवळचे आहेत. नॉर्वेतील 'पिवळा' आणि ब्रिटनमधील 'गोल्ड' यांची अदलाबदल करू नका. पुरवठादाराच्या माहितीपत्रकात दोन्ही शेजारी छापलेले असतात आणि वाचणाऱ्याला ती एकाच मापाची दोन नावे वाटतात.

दोन्ही पद्धतींना आपापली आंधळी जागा आहे. घटक पाहणारी पद्धत रसायने एकत्र आल्यावर काय होते हे पाहत नाही, आणि भूगर्भातून नैसर्गिकपणे येणारी बेंझीनसारखी अॅरोमॅटिक द्रव्ये व अल्किलफिनॉले तिच्या कक्षेतच येत नाहीत. बाहेर पडणारे पाणी पाहणारी पद्धत हे सर्व एकत्र पकडते, पण अपाय दिसला तर तो कोणामुळे हे सांगत नाही, आणि न विघटणारा पण तूर्त निरुपद्रवी पदार्थ तिच्या हातून निसटतो. म्हणूनच ओस्पारने २०१२ साली उत्पादित पाण्यासाठी जोखमीवर आधारित पद्धतीची शिफारस केली: पाण्यातील नैसर्गिक द्रव्ये आणि टाकलेली रसायने यांची एकत्रित जोखीम काढायची आणि तिचा मोठा वाटा कोणाचा हे शोधून तेथे हात घालायचा. आपल्या प्लॅटफॉर्मसाठी असा अभ्यास झालेलाच असेल. तो कपाटातून काढून वाचा. मी पाहिलेल्या अशा अहवालांत बहुतेकदा दोन-तीनच नावे जोखमीचा मोठा हिस्सा व्यापतात. त्यांत आपला गंजरोधक असेल तर हा बदल तातडीचा आहे. तो नसून बायोसाइड असेल, तर आपण चुकीच्या डब्यावर मेहनत घेत आहात. बायोसाइड आठवड्यातून काही तासच, पण मोठ्या मात्रेने दिले जाते, आणि मासिक सरासरीत विरघळून ते निरागस दिसते.

प्रत्यक्षात मी पुढील क्रमाने गेलो असतो. आधी दोन्ही टेम्प्लेटवरून गुणांक आणि त्यांच्या मात्रा घेऊन आपल्या पाण्यासाठी पुन्हा हिशेब केला असता. मग पुरवठादाराला लेखी विचारले असते की शेरा कोणत्या निकषामुळे आहे आणि त्या घटकाचे प्रमाण कोणत्या पल्ल्यात येते. नेमके रासायनिक नाव ते व्यापारी गुपित म्हणून देणार नाहीत, पण निकष आणि पल्ला द्यायला हरकत घेत नाहीत. ४५ मिलिग्रॅम ही मात्रा कोठून आली हेही विचारले असते, कारण पहिल्या शिफारशीत सुरक्षेसाठी भरपूर वाव धरलेला असतो. गंज मोजणारी पट्टी लावून हळूहळू उतरवत नेल्यास तीसच्या आसपास भागते असा अनुभव मला एकाहून अधिक वेळा आला आहे. तीसवर भागले तर वरच्या उदाहरणातील गुणांक १.२ होतो आणि सगळ्या तुलनेचा तोल बदलतो. त्यानंतर बदलासाठी परवान्यात दुरुस्ती मागितली असती, आणि ती थेट कायमच्या बदलासाठी न मागता ठरावीक मुदतीच्या प्रत्यक्ष चाचणीसाठी मागितली असती. अर्जात जुने रसायन यादीतून काढू नये. दोन्ही ठेवावीत, म्हणजे चाचणी फसली तर दुसऱ्याच दिवशी परत फिरता येते. आम्ही त्या तपकिरी थराच्या वेळी जुने उत्पादन परवान्यातून आधीच वगळून बसलो होतो आणि ते पुन्हा समाविष्ट होईपर्यंतचे दिवस मी अजून विसरलेलो नाही.

चाचणीच्या काळात पाण्यातील तेल रोजच्यापेक्षा अधिक वेळा मोजा, डिमल्सिफायरची मात्रा बदलावी लागली तर तिची नोंद ठेवा आणि शक्य असल्यास बाहेर जाणाऱ्या पाण्यातील गंजरोधकाचे उरलेले प्रमाणही तपासून घ्या, कारण प्रारूपाने सांगितलेला विसर्ग आणि मोजलेला विसर्ग यांत अशा चिकट द्रव्यांच्या बाबतीत मोठी तफावत पडू शकते. काही भाग वाळूला, काही तेलाला धरून जातो. टेम्प्लेटवरचे दोन्ही गुणांक, त्यांच्या मात्रा आणि आपल्याकडील तेल-पाण्याचे सध्याचे प्रमाण येथे लिहिलेत, तर वरचा हिशेब खऱ्या आकड्यांनी पुन्हा करून देईन.